पाव मैलासाठी अडीच वर्षं

चँडलर म्हटलं की आपल्या मंडळींच्या डोळ्यांपुढे काय येतं? चिप बनवणारे कारखाने, जूनमधलं ऊन, आणि भारतातून पहिल्यांदाच आलेल्या आईवडिलांना दाखवायचं ते ग्रँड कॅन्यन, तेही इथून चार तास लांब! ज्यांना गावाचा इतिहास ठाऊक आहे ते शहामृगांची गोष्ट सांगतील. डॉ. अलेक्झांडर जॉन चँडलर हे पेशाने जनावरांचे डॉक्टर. १९१२ साली त्यांनी आपली जमीन तुकडे पाडून विकायला काढली आणि गाव वसलं. त्यांनी इथे शहामृग पाळले होते, म्हणून पुढे शहामृगांच्या नावाने इथे जत्राही भरू लागली. चिपवाले आले ते बरेच नंतर, १९८० मध्ये.

पण याच गावाची आणखी एक ओळख आहे आणि ती आपल्यापैकी फार थोड्यांना माहीत असते. गावाच्या पश्चिमेला आय-१० ओलांडलं की हिला रिव्हर इंडियन कम्युनिटीची जमीन लागते. तिथे १९८३ साली चार्ली ॲलन या जुन्या शर्यतपटूने 'फायरबर्ड' नावाचं मैदान उभं केलं. २०१३ मध्ये त्याचं नाव 'वाइल्ड हॉर्स पास' झालं, पुढे ते पुन्हा 'फायरबर्ड' झालं. तिथल्या अनेक रस्त्यांपैकी एक अगदी सरळ आहे. दोन लेन, पाव मैल लांबी, म्हणजे १,३२० फूट, मीटरमध्ये सांगायचं तर ४०२. दोन गाड्या शेजारी शेजारी उभ्या राहतात, दिवे लागतात आणि दहा-पंधरा सेकंदांत सगळं संपतं. याला ड्रॅग रेस म्हणतात.

ज्यांनी विदर्भातला शंकरपट पाहिला आहे त्यांना हे समजावून सांगायची गरज नाही. सरळ आखलेली धाव, बैलजोडी, घड्याळ, आणि सेकंदाच्या अंशावर ठरणारा निकाल. वळण नाही, लपणं नाही. तयारी वर्षभराची आणि परीक्षा काही क्षणांची.

या पाव मैलासाठी आम्ही अडीच वर्षं एका गराजमध्ये घालवली. आम्ही म्हणजे आपल्या मंडळातली तीन घरं. सहा मोठी माणसं, चार मुलं, आणि सहा सहा महिन्यांसाठी येऊन जाऊन असणाऱ्या एक आजी. आमच्यात दोघे चिपच्या कारखान्यात, दोघे सॉफ्टवेअरमध्ये, एक दातांच्या डॉक्टर आणि एक शाळेत शिकवणाऱ्या. म्हणजे सहाही जण चांगले शिकलेले, आणि सहा जणांत मिळून २०२१ पर्यंत कुणी साधं इंजिन ऑइलही स्वतः बदललेलं नव्हतं. इंजिनिअरिंगची पदवी चौघांकडे होती बरं का!

सुरुवात हौसेतून झाली नाही, काळजीतून झाली. फिनिक्सच्या आसपासचे रस्ते तुम्ही पाहिलेच असतील: रुंद, सरळ, मैलामैलावर सिग्नल. रात्री अकरानंतर अशा रस्त्यांवर तरुण पोरं गाड्या घेऊन जमतात आणि सिग्नल हिरवा झाला की सुटतात. २०२१ च्या उन्हाळ्यात आमच्या दोन मोठ्या मुलांनी, तेव्हा एक सोळाचा आणि एक पंधराचा, असा जमाव दोनदा बघून आल्याचं आमच्या कानावर आलं. शर्यत लावली नव्हती, फक्त बघितली होती. पण बघणाऱ्याच्या अंगावरही गाडी येते, आणि बघणारा फार दिवस बघणारा राहत नाही, हे कुठल्याही आईबापाला सांगावं लागत नाही. आपल्याकडे अशा वेळी जे होतं ते सगळं झालं. किल्ल्या काढून घेतल्या, व्याख्यानं झाली, "आम्ही इथे कशासाठी आलो" हेही झालं. मुलं ऐकून घेत होती. ती ऐकून घेत होती हेच जास्त काळजीचं होतं!

आमच्यापैकी एका घराच्या शेजारी एक निवृत्त मशिनिस्ट राहतात. वय सत्तरीच्या पुढे, गराजमध्ये लेथ, भिंतीवर आकारानुसार टांगलेले पाने. त्यांना आमच्या घरातलं बोलणं बहुधा कुंपणावरून ऐकू गेलं असावं. भाषा कळत नसली तरी सूर कळतोच. ते एवढंच म्हणाले की पोरांना वेगाची भूक लागली असेल तर उपाशी ठेवून ती जात नाही, त्यांना गाडी बांधायला लावा. बांधता बांधता अर्धा वेग आपोआप उतरतो आणि उरलेल्या अर्ध्यासाठी फायरबर्डचं मैदान आहे.

पुढे वाचनात आलं की हा सल्ला या खेळाच्या मुळाशीच आहे. कॅलिफोर्नियात १९३० च्या दशकात पोरं जुन्या फोर्ड गाड्यांचे मडगार्ड, छप्पर, सगळं जड काढून टाकून मोहावे वाळवंटातल्या कोरड्या तळ्यांवर पळवत. १९३२ साली फोर्डने स्वस्तातलं व्ही-८ इंजिन आणलं आणि या वेडाला बळ मिळालं. दुसऱ्या महायुद्धातून परतलेल्या जवानांना यंत्रं खोलायची सवय लागली होती, खिशात थोडे पैसे होते. घरी बांधलेल्या अशा गाड्यांना 'हॉट रॉड' म्हणू लागले. १९४८ च्या जानेवारीत त्याच नावाचं मासिक निघालं. पण शर्यती गावातल्या रस्त्यांवर होऊ लागल्या, माणसं मरू लागली, वर्तमानपत्रांतून ओरड झाली. तेव्हा १९५० साली सँटा ॲना इथल्या विमानतळाच्या धावपट्टीवर तिकीट लावून रीतसर शर्यती सुरू झाल्या, आणि १९५१ मध्ये वॉली पार्क्स यांनी नॅशनल हॉट रॉड असोसिएशन स्थापन केली. हेतू हाच, की पोरं रस्त्यावरून उठून मैदानात यावीत. सत्तर वर्षांनंतर आमच्या स्वयंपाकघरात जो प्रश्न उभा होता, तोच तेव्हाही होता.

गाडी निवडायला दोन महिने गेले. शेवटी १९७२ सालची शेव्हरले नोव्हा मिळाली. इंजिन नाही, गिअरबॉक्स नाही, नुसता सांगाडा आणि चार चाकं, साडेसहा हजार डॉलर. घरच्यांनी विचारलं, "एवढ्या पैशांत पत्रा?" पण पत्राच महत्त्वाचा होता. इलिनॉय-मिशिगनच्या जुन्या गाड्या हिवाळ्यात रस्त्यावर टाकलेल्या मिठाने खालून कुजतात. ॲरिझोनाच्या कोरड्या हवेत गंज चढत नाही, म्हणून इथल्या जुन्या गाड्यांना देशभरातून मागणी असते. उलट बाजूही आहे: उन्हाने डॅशबोर्ड तडकलेला, सीटचा भुगा, दारांचं रबर चुरमुऱ्यासारखं. आतलं काही राहिलं नव्हतं. ड्रॅगच्या गाडीला आतलं फारसं काही लागतही नाही!

इंजिन आलं एका जुन्या पिकअपमधून. शेव्हरलेचं ३५० क्युबिक इंचाचं स्मॉल ब्लॉक. ही जात १९५५ साली २६५ इंचाची म्हणून जन्माला आली आणि पुढची अनेक दशकं लाखोंनी निघाली, म्हणून सुटे भाग कुठेही मिळतात. ३५० इंच म्हणजे पावणेसहा लिटरच्या जवळपास. आपल्या जुन्या मारुती ८०० ची सात इंजिनं एकत्र बांधली तर जेवढं होईल तेवढं!

इंजिन खोलण्याचा पहिला दिवस आम्हा मोठ्यांच्या जास्त लक्षात आहे. मुलांनी सरळ हात घातले. आम्ही मात्र हातमोजे शोधत होतो. खरं सांगायचं तर आपण ज्या घरांतून आलो तिथे हात काळे होणं हे कमीपणाचं मानलं जायचं. "अभ्यास कर, नाहीतर गॅरेजमध्ये पाने धुवायला लागशील," हे वाक्य आमच्यापैकी चौघांनी लहानपणी ऐकलेलं. ज्याच्या हातात पाना तो शिकलेला नाही, आणि जो शिकलेला त्याच्या हातात पाना नाही, अशी सरळ वाटणी. त्या वाटणीत जात होती, पगार होता, लग्नाचा बाजारही होता. इथे मात्र शेजारचे मशिनिस्ट आणि गल्लीच्या टोकाचे हृदयाचे डॉक्टर शनिवारी सकाळी एकाच गाडीखाली आडवे पडलेले दिसायचे. आपण या देशातून पुष्कळ काही घेतलं, पण हे घ्यायला आम्हाला वीस वर्षं लागली.

ब्लॉक मशीन शॉपला दिला. सिलेंडर घासून घासून किंचित लंबगोल झालेले असतात, ते बोअर करून पुन्हा गोल करावे लागतात. आमच्या मशिनिस्ट शेजाऱ्यांनी माप घेऊन "थर्टी थाऊ" असं जाहीर केलं. आम्ही एकमेकांकडे बघत होतो. तेवढ्यात खुर्चीत बसून शेंगा सोलणाऱ्या आजी म्हणाल्या, "तीस थाऊ म्हणतोय. ओव्हरसाइज पिस्टन लागतील." सगळे अवाक! आजी इचलकरंजीच्या. त्यांच्या यजमानांचं तिथे लेथचं छोटं वर्कशॉप होतं, यंत्रमागांचे भाग दुरुस्त करायचं. थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग, हे त्यांना चाळीस वर्षं जेवणाच्या ताटावर ऐकून पाठ होतं. त्या दिवसापासून आमच्या गराजमध्ये त्यांचा मान एकदम वाढला. मशिनिस्ट काका आणि आजी यांच्यात एकही सामायिक भाषा नाही, पण मापाच्या बाबतीत त्यांचं कधी अडलं नाही.

मुलांना शंकरराव कुलकर्णींचं नावही आजींमुळेच कळलं. इचलकरंजीच्या या गृहस्थांनी १९४९ मध्ये स्वतःच्या बुद्धीने एक छोटी गाडी तयार केली. पुढे सुधारणा करत करत १९७५ पर्यंत तिचे आणखी नमुने काढले. तिचं नाव 'मीरा'. सामान्य माणसाला बारा हजारांत मिळावी असा त्यांचा बेत होता. गाडी रस्त्यावर धावली, पण कारखान्यापर्यंत पोचली नाही. आणि अगदी अलीकडचं उदाहरण म्हणजे सांगली जिल्ह्यातल्या देवराष्ट्रे गावचे दत्तात्रय लोहार. यशवंतराव चव्हाणांचं जन्मगाव तेच. लोहारांनी मुलाची हौस पुरवण्यासाठी भंगारातले भाग जोडून, सुमारे साठ हजारांत, दुचाकीसारखी किक मारून सुरू होणारी छोटी जिप्सी बनवली. २०२१ च्या डिसेंबरात तिची चित्रफीत सगळीकडे फिरली. आनंद महिंद्रांनी ती पाहून त्या बदल्यात नवी बोलेरो देऊ केली आणि २०२२ च्या जानेवारीत ती दिलीही. मुलांनी ती चित्रफीत किती वेळा बघितली असेल! आम्ही मोठ्यांनी ती बघताना मनात एकच विचार येत होता: ही माणसं आपल्याच जिल्ह्यांतली, आणि आपण त्यांच्या दुकानांसमोरून शाळेत जाताना नाक मुरडून गेलो.

मशीन शॉपमधून ब्लॉक परत आल्यावर जुळणी सुरू झाली. इथे घाई चालत नाही. क्रँकशाफ्ट आणि बेअरिंग यांच्यात दोन-अडीच थाऊची फट हवी, कारण त्या फटीत तेलाचा थर राहतो आणि त्या थरावरच सगळं फिरतं. फट मोजायची तर मेणासारखा एक बारीक धागा मध्ये ठेवायचा, झाकण ठरल्या जोराने आवळायचं, पुन्हा उघडायचं आणि चपटा झालेला धागा किती रुंद झाला ते पट्टीवर बघायचं. पाच झाकणं, पाच वेळा. पिस्टनच्या रिंगांच्या टोकांमधली फट सोळा-सतरा थाऊ; ती कानशीने घासून जमवायची. हे काम आमच्या दातांच्या डॉक्टर असलेल्या वहिनींनी आपणहून घेतलं. त्यांच्या बोटांना जे कळायचं ते आम्हाला भिंग लावूनही दिसत नव्हतं. सगळ्यात धाकटी मुलगी, तेव्हा अकरा वर्षांची, तिच्याकडे वहीचं काम होतं. कुठला बोल्ट किती जोराने आवळला, कुणी आवळला, कुणी तपासला. मेन कॅप सत्तर फूट-पौंड, हेड पासष्ट. तिची वही आमच्या कंपन्यांतल्या कागदपत्रांपेक्षा चोख होती.

आठ सिलेंडरांत ठिणगी कोणत्या क्रमाने पडते हे मुलांनी पाढ्यासारखं पाठ केलं: एक-आठ-चार-तीन-सहा-पाच-सात-दोन. आजी संध्याकाळी रामरक्षा म्हणायला लावत. मुलं एकदा त्याच चालीत फायरिंग ऑर्डर म्हणायला लागली, तेव्हा आजींनी दोन्ही गोष्टी रोज झाल्या पाहिजेत असा निकाल दिला.

या सगळ्यात ऊन होतंच. २०२३ च्या उन्हाळ्यात फिनिक्सला सलग ३१ दिवस पारा ११० अंशांच्या खाली उतरायला तयार नव्हता. पाना हातात धरवत नसे. मग आम्ही पहाटे साडेचारला काम सुरू करून आठला बंद करायचो. सोळा-सतरा वर्षांची पोरं सुट्टीच्या दिवशी आपणहून पहाटे उठतात हे आम्हाला कुणी सांगितलं असतं तर विश्वास बसला नसता. रात्री अकराला कुठे असतात हा प्रश्नही त्याच पहाटेने सोडवला. रात्री साडेनऊलाच झोपलेली असायची!

अडचणी आल्या. एका विक्रेत्याकडून घेतलेला जुना ऑटोमॅटिक गिअरबॉक्स दुसऱ्याच महिन्यात बसला, दुसरा शोधावा लागला. मागच्या चाकांचे पाटे जोर दिला की पिळायचे आणि गाडी मागून उड्या मारायची. मग पाट्यांखाली लोखंडी दांडे बसवले. सगळ्यात अवघड प्रसंग नव्या कॅमशाफ्टचा. या जातीचं इंजिन पहिल्यांदा सुरू केलं की ते लगेच दोन हजारांच्या वर फेऱ्यांत नेऊन वीस मिनिटं तसंच चालू ठेवावं लागतं, नाहीतर कॅम आणि टॅपेट एकमेकांना खाऊन टाकतात. ती वीस मिनिटं दहा माणसं गराजबाहेर उभी होती आणि कुणी बोलत नव्हतं. नुसता आवाज, आणि पोटात होणारी थरथर. वीस मिनिटांनी इंजिन बंद केलं तेव्हा आजींनी आधी बॉनेटवर हळदकुंकू वाहिलं आणि मग सगळ्यांना साखर दिली. मशिनिस्ट काकांनीही हात पुढे केला.

२०२४ च्या फेब्रुवारीत गाडी ट्रेलरवरून मैदानावर नेली. तिथे आधी तपासणी होते, आपलं आरटीओचं पासिंगच म्हणा ना. पण इथे चहापाण्यावर भागत नाही. बॅटरी घट्ट बांधलेली आहे का, तेल कुठून गळतं का, पट्टे शाबूत आहेत का, सगळं हात लावून बघतात. नियम वेळेनुसार चढत जातात. पाव मैल १३.९९ सेकंदांत किंवा त्याहून लवकर पार करणाऱ्याला हेल्मेट सक्तीचं. आमच्यासारख्या जुन्या गाड्यांना ११.४९ च्या आत गेलं की चालकाभोवती लोखंडी रोल बार. मऊ स्लिक टायर लावले तर प्रॉपेलर शाफ्टखाली लोखंडी कडं हवं, म्हणजे शाफ्ट तुटला तरी जमिनीत रुतून गाडी उलटणार नाही. यातला प्रत्येक नियम कुणीतरी जीव गमावल्यावर लिहिला गेला असणार, हे मुलांना आम्हाला सांगावं लागलं नाही. ती रांगेत उभी राहून स्वतःच एकमेकांना सांगत होती. रस्त्यावरच्या त्या रात्रींत हे सांगणारं कुणी नव्हतं.

गाडी चालवली मोठ्या मुलाने. आता तो अठराचा होता. समोर खांबावर दिवे असतात, त्याला 'ख्रिसमस ट्री' म्हणतात. वरचे छोटे दिवे सांगतात की चाकं बरोबर रेषेवर आहेत. मग तीन पिवळे अर्ध्या अर्ध्या सेकंदाने, मग हिरवा. हिरव्याच्या आधी हललात तर लाल, आणि शर्यत गेली. पहिली धाव १३.८४ सेकंद. दुसऱ्या आठवड्यात स्लिक टायर लावून, हवेचा दाब कमी करून १३.२०. मार्चअखेर १२.७१, शेवटचा वेग ताशी १०७ मैल.

धाव संपल्यावर खिडकीतून एक चिठ्ठी मिळते. तिच्यावर पहिल्या ६० फुटांची वेळ, ३३० फुटांची, अर्ध्या अंतराची, हजार फुटांची आणि शेवटची वेळ छापलेली असते. आमच्यातल्या इंजिनिअरांना खरा आनंद इथे झाला. पत्रिका मांडून बसावं तसे आम्ही त्या चिठ्ठ्या मांडून बसायचो! पहिल्या ६० फुटांत एक दशांश सेकंद वाचला तर शेवटी दीड-दोन दशांश वाचतात, म्हणून सगळं लक्ष पहिल्या क्षणावर. जोर जास्त झाला तर चाकं जागीच फिरतात, कमी झाला तर वेळ जातो. कागदावरचं गणितही जवळपास जुळलं. गाडीचं वजन पौंडात घ्यायचं, त्याला अश्वशक्तीने भागायचं, घनमूळ काढायचं आणि ५.८२५ ने गुणायचं. आमचं वजन चालकासकट ३,३०० पौंड, शक्ती ३३० धरली तर उत्तर साडेबारा येतं. बारावीत घनमूळ कशाला शिकायचं असं विचारणारा मुलगा त्या रात्री हे गणित तोंडी करत होता.

एप्रिलमध्ये आम्ही 'ब्रॅकेट' शर्यतीत उतरलो. हा प्रकार आम्हाला फार आवडला, कारण यात पैसा जिंकत नाही. आपली गाडी किती सेकंदांत जाईल हे आधी काचेवर लिहायचं. सावकाश गाडीला तेवढ्या फरकाने आधी सोडतात. आणि लिहिलेल्या वेळेपेक्षा लवकर पोचलात तर हरलात! म्हणजे कोण वेगवान याला किंमत नाही, कोण आपली गाडी ओळखून आहे याला किंमत. दुसऱ्या फेरीत आमच्यासमोर एक आजीबाई जुना पिकअप घेऊन आल्या. त्यांच्या काचेवर १५.९०, आमच्या १२.७५. त्या ३.१५ सेकंद आधी सुटल्या. आमचा मुलगा त्यांना गाठून पुढे गेला आणि आम्ही टाळ्या वाजवल्या. चिठ्ठीवर १२.७० होतं. ऊन उतरलं की हवा गार होते, गार हवा दाट असते, दाट हवेत प्राणवायू जास्त, आणि इंजिन जास्त जोर करतं. आजीबाई १५.९३ ला पोचून जिंकल्या. नंतर त्या आमच्याकडे येऊन थालीपीठ खाऊन गेल्या आणि हवामानाची वही कशी ठेवायची ते मुलांना दाखवून गेल्या.

आता खर्चाचं बोलू, कारण मंडळात पहिला प्रश्न हाच येतो. अडीच वर्षांत सगळं मिळून सुमारे एकवीस हजार डॉलर, तीन घरांत वाटून. एका कुटुंबाच्या वाट्याला भारताच्या एका वारीएवढे. दुसरा प्रश्न आमच्याच एका मित्राने विचारला. त्यांची नवी विजेवरची गाडी शोरूममधून आणल्या आणल्या, आवाज न करता, पाव मैल बारा सेकंदांच्या आत जाते. एसी चालू, गाणी चालू! "मग एवढा खटाटोप कशाला?" मोठ्या मुलाने शांतपणे उत्तर दिलं, "काका, तुमची गाडी बिघडली तर तुम्ही काय कराल?" मित्र हसले, म्हणाले फोन करीन. मुलगा म्हणाला, "आमची बिघडली तर आम्हाला आनंद होतो." तो आता कम्युनिटी कॉलेजमध्ये मशीनिंग शिकतो आहे, पुढे इंजिनिअरिंगला जायचं म्हणतो. आधी लेथ, मग पदवी. हा क्रम ऐकून काही नातेवाईकांचे फोन आले. आम्ही ते घेतले आणि क्रम बदलला नाही.

एक गोष्ट मात्र काळजीची आहे. अशी मैदानं देशभर कमी होत चालली आहेत. जमिनीचे भाव वाढतात, आसपास घरं होतात, आवाजाच्या तक्रारी येतात. १९८३ मध्ये कॅलिफोर्नियातलं ऑरेंज काउंटीचं गेलं. २०२१ मध्ये अटलांटाचं, २०२३ मध्ये ह्यूस्टनचं आणि डेन्व्हरजवळचं बँडिमेअर बंद झालं. मैदान बंद झालं म्हणून पोरांची भूक बंद होत नाही, ती पुन्हा रस्त्यावर येते. घर घेताना शेजारी शर्यतीचं मैदान नको असं आपल्याला वाटणं साहजिक आहे. पण नगरपालिकेच्या सभेत असा विषय निघाला तर आपल्या मुलांचा विचार करून हात वर करा, एवढंच आमचं सांगणं.

ज्यांना करून बघायचं आहे त्यांनी लगेच सांगाडा विकत घेऊ नये. अशा मैदानांवर सरावाच्या रात्री असतात. घरचीच गाडी न्या, ओडिसी असली तरी चालेल. पूर्ण पँट, बंद बूट, आणि गाडीतले पाण्याच्या बाटल्या, मुलांची खेळणी, देवळातून आणलेल्या प्रसादाचा डबा, सगळं बाहेर काढून ठेवा. आमच्यातल्या शाळेच्या बाईंनी ओडिसी सोळा सेकंदांत नेली आणि त्यांच्या वर्गातल्या मुलांत त्यांचा दबदबा अजून टिकून आहे. आठ-दहा वर्षांच्या मुलांसाठी अर्ध्या आकाराच्या छोट्या ड्रॅग गाड्यांचा प्रकार असोसिएशनने १९९२ पासून काढला आहे. आणि गाडी बांधायचीच असेल तर आधी एखादा जुना जाणकार शेजारी शोधा. तो बहुतेक गल्लीत असतोच, आपणच हात हलवून पुढे जातो.

नोव्हा सध्या पुन्हा खोललेली आहे. गिअरबॉक्स बाहेर, कार्ब्युरेटर टेबलावर. तो साफ करायचं काम वही ठेवणाऱ्या मुलीकडे आहे आणि यंदा गाडी तिला थोडी हलकी हवी आहे. आजी दिवाळीनंतर येणार आहेत, येताना इचलकरंजीहून आजोबांचं जुनं मायक्रोमीटर आणणार आहेत. तुम्हीही एखाद्या रविवारी सकाळी या. चहा आणि पोहे असतात. फक्त जुने कपडे घालून या, कारण आल्यावर नुसतं बघत उभं राहू देण्याची आमच्याकडे पद्धत नाही.